तासापुरते सर

मिठबावच्या आमच्या वाचनालयात संध्याकाळी चार-सहा मुले येऊन बसतात. गेल्या वर्षी त्यांत एक मुलगी होती. कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि रोज एस.टी.ने तालुक्याच्या गावी जा-ये करायची. आचरा ते देवगड या किनाऱ्यावर गलबतांचा जो व्यापार चालत असे, त्याबद्दल जुन्या माणसांकडून माहिती जमवण्याचे काम तिने हाती घेतले होते. विषय तिच्या इतिहासाच्या सरांनी सुचवलेला. काम दोन वर्षांचे होते, हे तिला आणि सरांना दोघांनाही ठाऊक होते. एकदा वही मिटता मिटता तिने मला विचारले, "काका, फुडच्या वर्साक सर असतले काय?"

मी म्हटले, त्यांनाच विचार की. ती म्हणाली, "तेंका कसा इचारूचा? वायट वाटात."

हे सर तासिका तत्त्वावर नेमलेले होते. नेट उत्तीर्ण झालेले, पीएच.डी.चे काम चालू असलेले, वयाने पस्तिशीच्या आसपास. त्यांची नेमणूक चालू शैक्षणिक वर्षापुरती होती. विद्यार्थिनीला हे माहीत होते, आणि प्रश्न विचारला तर सरांना लागेल हेही तिला कळत होते. त्या संध्याकाळपासून माझ्या डोक्यात एक गोष्ट बसली. शिक्षकाचा धाक वाटणारी मुले मी पाहिली होती, शिक्षकाची टिंगल करणारीही पाहिली होती. आपल्या शिक्षकाचे मन दुखावेल म्हणून प्रश्न गिळणारी विद्यार्थिनी मी पहिल्यांदा पाहिली.

तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांवर वर्तमानपत्रांत लिहिले जाते ते मानधन, मोर्चे आणि रिक्त पदे यांच्या अंगाने. ते योग्यच आहे. पण वर्गात समोर बसलेली मुले या माणसाकडे कसे पाहतात, त्या पाहण्याने त्यांच्या शिक्षणाचे काय होते, याकडे फारसे कोणी वळत नाही. माझे स्वतःचे महाविद्यालय बारावीनंतर सुटले. पुढचे जे काही वाचले ते वाचनालयात. त्यामुळे प्राध्यापकांच्या बाजूने किंवा संस्थेच्या बाजूने बोलायला मी बांधलेला नाही. गेली दोन वर्षे देवगड, मालवण, कणकवली या बाजूंना शिकायला जाणाऱ्या आमच्या भागातल्या मुलांशी मी यावर बोलत आलो. ही पाहणी नाही, आकडेवारी तर नाहीच. नोंदवहीतल्या नोंदी आणि त्यांच्या जोडीला केलेले वाचन, एवढाच या लेखाचा आधार आहे.

नावे अनेक, खुर्ची एक

आधी शब्दांचा घोळ निस्तरायला हवा. बाहेरून सगळ्यांना 'प्राध्यापक' म्हणतात, पण आत चार-पाच जाती आहेत. अनुदानित महाविद्यालयात शासनाच्या मंजूर पदावर असलेला तो पूर्णवेळ, कायम. मंजूर अर्धवेळ पदावरचा तो अर्धवेळ. विनाअनुदानित किंवा स्वयंअर्थसहाय्यित अभ्यासक्रमासाठी संस्थेने स्वतःच्या पैशातून ठेवलेला तो कंत्राटी. आणि मंजूर पद रिकामे असल्यामुळे त्याचे तास घेण्यासाठी वर्षापुरता नेमलेला तो तासिका तत्त्वावरचा. बोलीभाषेत 'सीएचबीवाले सर'. हा इंग्रजी आद्याक्षरांचा शब्द इतका रुळला आहे की त्याचा अर्थ 'घड्याळाच्या तासावर' असा होतो, हे अनेक मुलांना ठाऊक नसते. त्यांच्या लेखी तो माणसाच्या एका प्रकाराचा शब्द आहे.

हिशेब असा. कायम सहायक प्राध्यापकाचे सातव्या वेतन आयोगानुसार सुरुवातीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये; भत्ते वेगळे. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाला ऑक्टोबर २०२२ च्या शासन निर्णयानंतर पदवी वर्गाच्या एका तासाचे ९०० रुपये आणि पदव्युत्तर वर्गाच्या तासाचे १,००० रुपये मिळू लागले. आठवड्याला जास्तीत जास्त नऊ तास. म्हणजे चार भरलेल्या आठवड्यांचे पदवीचे मानधन फार तर ३२,४०० रुपये. पण असे भरलेले महिने वर्षात किती? एका पूर्णवेळ पदाचे काम सहसा दोघांत वाटले जाते. तास झाला तर पैसे, नाही झाला तर नाही. परीक्षांच्या दिवसांत तास नाहीत. दिवाळीत नाहीत, मे महिन्यात नाहीत. कोकणात आणखी भर म्हणजे गणपतीची सुट्टी, आणि जुलैमध्ये अतिवृष्टीचा इशारा आला की जिल्हाधिकाऱ्यांनी जाहीर केलेली सुट्टी. त्या सकाळी मोबाइलवर निरोप वाचून मुले अंथरुणात पुन्हा कूस बदलतात. त्याच वेळी कणकवलीतल्या किंवा देवगडातल्या एखाद्या भाड्याच्या खोलीत त्यांचे सर त्या महिन्याच्या हिशेबातून दोन तास वजा करत असतात.

यात दर्जाची उणीव म्हणाल तर ती कागदावर नाही. नेट परीक्षा १९८९ पासून सुरू आहे. राज्याची सेट तिच्या जोडीला आहे. तासिका तत्त्वावरचे कित्येक जण नेट किंवा सेट झालेले, काही पीएच.डी. असतात. उणीव पदांची आहे. राज्यातल्या भरतीवरचे निर्बंध सैल करून शासनाने २०१८ मध्ये सहायक प्राध्यापकांची ३,५८० पदे भरायला मान्यता दिली. त्यांतली १,४९२ भरली जाईपर्यंत करोनाची साथ आली आणि भरती थांबली. उरलेल्या २,०८८ पदांना २०२१ मध्ये पुन्हा मान्यता द्यावी लागली. दरम्यान निवृत्ती काही थांबत नाही. खुर्ची रिकामी होते आणि तीवर तासापुरता माणूस बसतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत कंत्राटी शिक्षकांचे प्रमाण एकूण पदांच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त असू नये, असे म्हटले होते. जानेवारी २०२५ मध्ये आयोगाने जो नवा मसुदा मांडला, त्यात ही मर्यादाच ठेवलेली नव्हती.

मुलांना कळते कसे?

पहिल्या वर्षाच्या मुलांना यातले काही ठाऊक नसते. शाळेतून आलेल्या मुलाला सगळेच सर आणि सगळ्याच मॅडम. मी विचारले की तुम्हाला फरक केव्हा कळला, तर 'त्यांनी कमी शिकवले तेव्हा' असे उत्तर मला एकदाही मिळाले नाही. कळते ते बाहेरच्या खुणांवरून.

एका मुलाने सांगितले, विभागाच्या दारावर नावांची पाटी आहे, तीत या सरांचे नाव नाही. दुसऱ्याने सांगितले, वेळापत्रकात बाकीच्यांची आद्याक्षरे आहेत, यांच्या तासापुढे नुसते विषयाचे नाव. कार्यक्रमात व्यासपीठावर कोण बसते आणि मुलांच्या मागे उभे राहून रांगा कोण लावते, हे मुले पाहतात. शिपाई कोणाला 'सर, चहा ठेवू?' म्हणतो आणि कोणाला नुसतेच 'प्राचार्यांनी बोलावलंय' म्हणतो, हे तर फार लवकर कळते. काही ठिकाणी प्राध्यापक-कक्षात यांना टेबल असते, पण खण नसतो. पुस्तके पिशवीतून येतात आणि पिशवीतून जातात. एक मुलगी म्हणाली, "आमच्या मॅडमची पिशवी बघितली की कळतं." त्या वाक्यात कुत्सितपणा मुळीच नव्हता.

आणि सर्वांत मोठी खूण घाई. तास संपला की सर निघतात. मुलांचा पहिला अर्थ असतो की सरांना आमच्यात रस नाही. काही महिन्यांनी कळते की सरांचा दुसरा तास दुसऱ्या गावच्या महाविद्यालयात आहे आणि मधली एस.टी. एकच आहे. नऊ तासांच्या मर्यादेत घर चालत नाही म्हणून दोन ठिकाणी शिकवणारे, सकाळी शिकवून दुपारी शिकवण्या घेणारे, घरच्या आंब्याच्या बागेत हंगामाचे काम पाहणारे असे सगळे आमच्या भागात आहेत. घाईचा खरा अर्थ कळला की मुलांचा राग जातो. पण रागाच्या जागी जे येते, ते शिक्षणाच्या दृष्टीने रागापेक्षा बरे असतेच असे नाही.

माया, मान आणि मागणे

मुलांशी बोलताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा आढळली. तासिका तत्त्वावरचे सर मुलांना आवडतात, आणि कित्येकदा कायम प्राध्यापकांपेक्षा जास्त. ती माणसे वयाने जवळची असतात. बहुतेक याच जिल्ह्यातली असतात आणि वर्गाबाहेर मालवणीत बोलतात. स्वतः नुकत्याच परीक्षा दिलेल्या असल्यामुळे अभ्यासक्रम ताजा असतो. रात्री दहाला व्हॉट्सॲपवर शंका विचारली तरी उत्तर येते. 'शिकवतात बरं' हा शेरा मी इतक्या वेळा ऐकला की पुढे तो वहीत लिहिणेच सोडून दिले.

मग अडते कुठे? मी प्रश्न थोडा बदलला. हे सर आवडतात का, असे न विचारता त्यांच्याकडे तुम्ही काय मागता, असे विचारू लागलो. तिथे चित्र पालटले.

शिष्यवृत्तीसाठी किंवा बाहेरच्या विद्यापीठातल्या प्रवेशासाठी शिफारसपत्र हवे असेल, तर मुले आवडत्या सरांकडे जात नाहीत. 'त्यांच्या सहीला कोण विचारणार?' हे त्यांनी आपसांत ठरवलेले असते. एका मुलाने धीर करून मागितले, तर सर स्वतःच म्हणाले, "माझं नको, विभागप्रमुखांचं घे, वजन पडेल." अंतर्गत गुणांबद्दल तक्रार असेल तर मुले यांच्याकडे जात नाहीत, गुण त्यांच्या हातात नाहीत, असे मुलांनी गृहीत धरलेले असते. सहलीला, क्षेत्रभेटीला 'आम्हाला न्या' असा आग्रह मुले यांना करत नाहीत, कारण त्या दिवसाचे यांना काही मिळत नाही, हे कुठून तरी मुलांना कळलेले असते. वर्गात अवघड प्रश्न विचारून तास लांबवत नाहीत, कारण सरांची गाडी आहे. दोन वर्षे चालणारे काम यांच्या हाताखाली सुरू करत नाहीत. आणि आमच्या वाचनालयातल्या मुलीने सुरू केले, तर सर पुढच्या वर्षी असतील का, हे ती त्यांना विचारू शकत नाही.

माझ्या वाचनात आणि बोलण्यात हाती लागलेली मुख्य गोष्ट हीच. विद्यार्थी या शिक्षकांना कमी लेखतात, असे आपण समजतो. माझ्या नोंदी सांगतात की ते त्यांना सांभाळून घेतात. मायेपोटी, कधी कीव येऊन, ते त्यांच्याकडे मागणे कमी करतात. ज्याच्याकडे मागता येत नाही, तो शिक्षक कितीही आवडता असला तरी अर्धाच उरतो. आणि हे अर्धेपण त्याच्या विद्वत्तेतून किंवा शिकवण्यातून आलेले नसते. ते त्याच्या नेमणुकीतून आलेले असते. मुलांनी ते दारावरच्या पाटीवर वाचलेले असते.

दूरच्या वर्गांतले दाखले

ही गोष्ट आपल्यापुरती नाही. अमेरिकेतल्या महाविद्यालयांत अशा शिक्षकांना 'ॲडजंक्ट' म्हणतात आणि त्यांची संख्या प्रचंड आहे. तिथे या प्रश्नावर बरेच संशोधन झाले. त्यातली दोन उदाहरणे एकमेकांशेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत.

पॉल उम्बाख यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की अस्थायी शिक्षकांचा, विशेषतः अर्धवेळ शिक्षकांचा, विद्यार्थ्यांशी वर्गाबाहेरचा संबंध कमी येतो आणि वर्गात विद्यार्थ्यांना कामाला लावणाऱ्या पद्धती ते कमी वापरतात. एवढेच वाचले तर वाटेल, की हे शिक्षक कमी पडतात. पण २०१३ मध्ये फिग्लिओ, शापिरो आणि सोटर या तिघांनी नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या पहिल्या वर्षाच्या पंधरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या नोंदी तपासल्या. तिथे उलटे दिसले. ज्यांनी एखाद्या विषयाची ओळख कायमपदाच्या वाटेवर नसलेल्या शिक्षकांकडून करून घेतली, ते विद्यार्थी त्या विषयाच्या पुढच्या अभ्यासक्रमात जास्त चांगले उतरले. शापिरो तेव्हा त्याच विद्यापीठाचे अध्यक्ष होते, हे लक्षात ठेवूनही निष्कर्ष दुर्लक्षिण्यासारखा नाही.

हे दोन निष्कर्ष एकमेकांना खोडतात का? मला तसे वाटत नाही. नॉर्थवेस्टर्नमधले हे शिक्षक बहुतांशी पूर्णवेळ होते, वर्षानुवर्षे तिथेच शिकवणारे होते, आणि नोकरीचे लाभ त्यांना मिळत होते. 'कायम' हा शिक्का नव्हता, पण खुर्ची होती, खण होता, पुढच्या वर्षीची खात्री होती. म्हणजे शिक्का नसल्याने शिकवणे बिघडत नाही. पायाखालची जमीन नसल्याने शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यातले अंतर वाढते.

तिसरा दाखला थोडा वेगळ्या विषयाचा, पण नजरेबद्दल खूप काही सांगणारा. नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठातल्या एका ऑनलाइन वर्गात लिलियन मॅकनेल आणि तिच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. तो २०१५ च्या सुमारास प्रसिद्ध झाला. एक स्त्री आणि एक पुरुष असे दोन शिक्षक होते. दोघांनीही एकेका गटाला आपले खरे आणि दुसऱ्या गटाला एकमेकांचे नाव सांगितले. विद्यार्थी त्यांना कधी पाहत नव्हते. तपासलेल्या वह्या सगळ्या गटांना सारख्याच वेळेत परत गेल्या. तरीही तत्परतेचे गुण पुरुषाच्या नावाला जास्त आणि स्त्रीच्या नावाला कमी मिळाले. विद्यार्थ्याची नजर शिक्षकाकडे जाण्याआधी त्याच्या नावाभोवती समाजाने काय चिकटवले आहे तिकडे जाते, हे यातून दिसते. 'सीएचबी' ही तीन अक्षरे अशीच नावाला चिकटतात.

विचारतात, पण काय?

आपल्याकडे विद्यार्थ्यांना विचारण्याची पद्धत आहे. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या 'नॅक'ने २०१७ पासून मूल्यांकनात विद्यार्थी समाधान सर्वेक्षण घेतले. अभ्यासक्रम किती शिकवला, शिक्षक तयारी करून येतात का, नीट समजावतात का, असे वीस पर्यायी प्रश्न आणि शेवटी एक मोकळा प्रश्न. विद्यार्थ्यांना ते परस्पर पाठवले जातात. प्रश्न चांगले आहेत. पण ते सगळे 'शिक्षक' या एका शब्दाबद्दल आहेत. ज्याचे नाव पाटीवर आहे आणि ज्याचे नाही, दोघांची सरासरी एकत्र निघते. आवडत्या पण तासापुरत्या सरांमुळे महाविद्यालयाचे गुण वाढू शकतात आणि त्या सरांना त्याचा पत्ताही नसतो. 'तुम्हाला मदत हवी असताना तुम्ही कोणाकडे जाणे टाळलेत, आणि का?' असा प्रश्न त्या यादीत असता, तर मला वाटते बरेच काही उजेडात आले असते.

पंचाहत्तर रुपये आणि वीस वर्षे

कोणी म्हणेल, कमी पगाराचे शिक्षक महाराष्ट्राला नवे नाहीत. खरे आहे. डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १८८५ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालय काढले, तेव्हा आजीव सदस्य महिना ७५ रुपयांवर वीस वर्षे काम करण्याची शपथ घेत. टिळक, आगरकर, गोखले त्यांच्यातले. त्यांच्या विद्यार्थ्यांना हा पगार ठाऊक होता. त्यांनी या शिक्षकांची कीव केली असेल का? वाटत नाही. कारण पगार कमी असला तरी संस्था त्यांची होती. वीस वर्षे हे इथेच असणार, हे पहिल्या दिवशी बसलेल्या मुलालाही माहीत होते.

याच संदर्भात कोकणातल्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे आठवतात. मुंबईत असताना ते एकाच वेळी कॅथिड्रल आणि अलेक्झांड्रा या मुलींच्या शाळांत आणि मराठा हायस्कूलमध्ये गणिताचे तास घेत. आजच्या भाषेत तीन ठिकाणचे तासिकावाले सर. १८९१ मध्ये गोखल्यांनी त्यांना फर्ग्युसनमध्ये बोलावले. टिळक सोडून गेल्यामुळे गणिताची जागा रिकामी झाली होती. पुढे १९१४ पर्यंत ते तिथे शिकवत राहिले. त्याच काळात हिंगण्याचे काम उभे राहिले. माणूस तोच होता, गणित तेच होते. बदल झाला तो एवढाच की त्यांना एक जागा मिळाली, जिथे उभे राहून पुढच्या वीस वर्षांचा विचार करता येतो. रिकाम्या जागेवर त्या काळी माणूस बोलावला गेला, तास नव्हे.

यावरून कमी पगार चालतो असा अर्थ कोणी काढू नये. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पंजाब राज्याच्या खटल्यात समान कामाला समान वेतन हे तत्त्व अस्थायी कर्मचाऱ्यांनाही लागू आहे, असा निकाल दिला. ऑगस्ट २०२५ मध्ये गुजरातमधल्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांच्या प्रकरणात न्यायमूर्ती नरसिंह आणि न्यायमूर्ती बागची यांनी दरमहा ३०,००० रुपयांवर प्राध्यापक राबवून घेण्याबद्दल चिंता व्यक्त केली. समारंभात गुरूच्या स्तुतीचा श्लोक म्हणणे पुरेसे नाही, त्या श्लोकावर आपला विश्वास असेल तर तो शिक्षकाला दिलेल्या वागणुकीतून दिसला पाहिजे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. व्यासपीठावर कोण बसते, हे पाहणारी आमची मुले हेच वेगळ्या शब्दांत सांगत होती.

न शिकवलेला धडा

आमच्या किनाऱ्यावर रापण ओढतात तेव्हा दोराला हात लावणाऱ्याचा मासळीत वाटा असतो. मोठा की लहान, हा हिशेब वेगळा. पण वाट्याला माणूस गणला जातो. दोर ओढला आणि वाटणीच्या वेळी तू कोण असे विचारले, तर दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर कोणी येणार नाही. महाविद्यालयात मात्र वर्षानुवर्षे हेच चालले आहे आणि ते रोज, मुलांच्या डोळ्यांदेखत चालते.

याचा परिणाम शिक्षकाइतकाच मुलांवर होतो. कोकण विभागीय मंडळ २०१२ च्या परीक्षेपासून स्वतंत्र झाले आणि तेव्हापासून दहावी-बारावीच्या निकालात राज्यात सतत पहिले आहे. २०२५ मध्ये बारावीचा निकाल ९६.७४ टक्के आणि दहावीचा ९८.८२ टक्के लागला. निकालाच्या दिवशी आमच्या गावातही पेढे वाटले जातात. शिका, मोठे व्हा, असे आपण या मुलांना सांगतो. मग ती महाविद्यालयात जातात आणि त्यांना आजवर भेटलेला सर्वांत जास्त शिकलेला, त्यांच्याच भागातला, त्यांच्याच बोलीत बोलणारा माणूस पिशवी खांद्याला लावून एस.टी.मागे धावताना दिसतो. शिकण्याचे पुढे काय होते, याचे उत्तर त्यांना कोणी तोंडाने द्यावे लागत नाही. मी विचारले की तुमच्यापैकी प्राध्यापक कोणाला व्हायचे आहे, तर एक मुलगा हसून म्हणाला, "सरांनीच सांगितलंय, होऊ नको." सरांनी हे प्रेमानेच सांगितले असणार.

उपाय काय, हे सांगण्याचा माझा अधिकार मर्यादित आहे. पदे भरणे हा खरा उपाय, आणि तो शासनाच्या हातात आहे. पण मुलांनी ज्या खुणा वाचल्या, त्यांतल्या बऱ्याच पुसायला एकही शासन निर्णय लागत नाही. वेळापत्रकात नाव घालायला पैसे पडत नाहीत. दारावरच्या पाटीवर एक ओळ वाढवता येते. एक खण, एक किल्ली देता येते. वर्षाच्या पहिल्या सभेत बाकीच्यांबरोबर त्यांचीही ओळख करून देता येते. विद्यार्थ्यांसाठी आठवड्यातून एक तास बसण्याची वेळ ठरवून तो तास संस्थेने आपल्या पदरचा धरता येतो. शिफारसपत्रावर विभागप्रमुखांच्या सहीशेजारी त्यांचीही सही घेता येते. यातून त्यांचे मानधन वाढणार नाही. पण मुलांना त्यांच्याकडे मागता येईल.

विद्यार्थ्यांनाही एक सांगावेसे वाटते. सरांना वाईट वाटेल म्हणून प्रश्न गिळू नका. अवघड प्रश्न विचारा, दोन वर्षांचे काम त्यांच्यापाशी घेऊन जा, शिफारसपत्र मागा. तुम्ही मागता तेवढा वेळ तरी ते पूर्ण शिक्षक असतात, आणि ते त्यांना हवे असते. आमच्या वाचनालयातल्या मुलीला मी हेच सांगितले. तिने आठवडाभर विचार केला आणि सरांना विचारले. सरांना वाईट वाटले नाही. ते म्हणाले, "मलाही माहीत नाही. पण तू माहिती जमवत राहा, मी मिठबावला येत जाईन."

हा अंक तुमच्या हाती असेल तेव्हा महाविद्यालयांना सुट्टी असेल आणि त्यांचा एकही तास मोजला जात नसेल. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत सर दोनदा आले. तांबळडेगच्या एका म्हाताऱ्या तांडेलाशी तिच्याबरोबर दुपारभर बोलत बसले. तिने लिहून घेतले, त्यांनी तपासून दिले. पुढच्या वर्षी ते त्या महाविद्यालयात असतील की नाही, हे जूननंतर प्रवेश झाल्यावर आणि तासांचे गणित जुळल्यावर ठरणार होते. ते तिला आणि त्यांना एकाच दिवशी कळणार होते.